‘इथे काहीच नाही’ असं लिहायचं लायसन्स कोण देतं?

प्रति,
केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय,
क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया (नॅबेट),
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण,
आणि महाराष्ट्राचं पुरातत्त्व संचालनालय

स.न.वि.वि.

प्रकल्पांच्या पर्यावरण रिपोर्टांत ‘इथे काहीच नाही’ असं कोण आणि कशाच्या आधारावर लिहितं, ह्याबद्दल चौघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण वेगवेगळं लिहिलं की पहिला म्हणतो हे दुसऱ्याच्या अखत्यारीत येतं आणि दुसरा म्हणतो आमच्याकडे तशी तरतूद नाही, हा खेळ आम्ही कोकणात पुष्कळ बघितलाय. आणि उघड लिहितेय कारण ज्यांच्या गावात उद्या सर्व्हेची गाडी येऊन थांबणार आहे त्यांनाही हे वाचता यावं.

मी राजापूर तालुक्यातली, बॉटनीत एमएस्सी. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि त्यात घर चालत नाही म्हणून (तासिकेचं मानधन कधी जमा होतं ते कुठल्याही सीएचबीवाल्याला विचारा) पर्यावरण सल्लागार कंपन्यांसाठी फिल्डवर्क करते. म्हणजे सड्यावर (आमच्याकडचं कातळाचं पठार) दोरी लावून क्वाड्रॅट, मोजणीचे चौकोन, टाकायचे, झाडांसाठी १० बाय १० मीटर, गवत आणि बारक्या वनस्पतींसाठी १ बाय १, आत जे असेल ते ओळखायचं, मोजायचं, जीपीएस पॉइंट घ्यायचा, फोटो काढायचा आणि शीट भरून मेल करायची. तेव्हा ही बाई विकासविरोधी आहे असं लगेच ठरवू नका, माझं निम्मं पोट ह्याच धंद्यावर आहे.

निमित्त असं झालं, की आमच्या भागातल्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी ईआयए रिपोर्टचा (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अभ्यासाचा) मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला होता. कुठला प्रकल्प, कुठली कंपनी ते इथे लिहीत नाही, नाव घेतलं की सगळी चर्चा त्या नावावर जाते आणि पुढच्या रिपोर्टात पुन्हा तेच होतं. सारांशात आमच्या सड्याबद्दल फक्त दोन वाक्यं होती. एक, जागा खडकाळ व पडीक असून वनस्पती विरळ आहेत. दोन, १० किलोमीटरच्या अभ्यासक्षेत्रात पुरातत्त्वीय महत्त्वाचं स्थळ नाही. आता त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत हे शाळेतल्या पोरांनाही माहितीये, ती तिथे जाऊन रील बनवतात. म्हणून मी पूर्ण इंग्रजी रिपोर्ट मिळवला आणि त्यातलं एक्स्पर्ट लोकांच्या डिक्लेरेशनचं पान काढलं. ज्यांनी ते पान बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, एक टेबल असतो, फंक्शनल एरिया, एक्स्पर्टचं नाव, कुठल्या काळात काय काम केलं, आणि सही. हवा, पाणी, आवाज, जमीन वापर, भूशास्त्र, जैवविविधता, सगळ्यांच्या सह्या होत्या. पुरातत्त्वाची ओळ शोधली तर ओळच नाही. मग ते दुसरं वाक्य कुणी लिहिलं? कोणाच्या अभ्यासावर लिहिलं?

ओळ नाही त्याला ती कंपनीही जबाबदार नाही म्हणा, कारण सल्लागारांना मान्यता देणाऱ्या नॅबेटच्या स्कीममध्येच ती नाही. ईआयए नोटिफिकेशन १४ सप्टेंबर २००६ चं. सल्लागाराला नॅबेटचं अ‍ॅक्रेडिटेशन हवंच हे २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती करून घातलं, चांगलंच केलं, त्याआधी कोणीही उठून रिपोर्ट लिहीत होतं. आणि ते किती ‘कोणीही’ होतं ह्याचा नमुना आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातला आहे, इथल्या एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टात रशियातल्या खाणीच्या रिपोर्टातले उतारेच्या उतारे निघाले होते, पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं लिहिलेली. रत्नागिरीत! आंब्याच्या बागेत बर्च शोधायला पाहिजे. तर अ‍ॅक्रेडिटेशन आलं, तीन वर्षांची मुदत, सेक्टरप्रमाणे कोऑर्डिनेटर, आणि १२ फंक्शनल एरिया ज्यात प्रत्येकाचा तज्ज्ञ शिक्षण आणि अनुभव तपासून घेतला जातो. आवाज आणि कंपनाला वेगळा माणूस, घनकचऱ्याला वेगळा, मृदसंधारणाला वेगळा. सगळे हवेतच. पण कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेलं चित्र आहे की नाही हे बघायला एकही नाही, त्या बारात पुरातत्त्व किंवा सांस्कृतिक वारसा नावाचा प्रकारच नाही.

आता दुसरी बाजू बघा, ही पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी आहे. १९५८ च्या कायद्याखाली उत्खनन करायचं तर परवानगी लागते, विद्यापीठ असो की राज्य सरकार असो, संरक्षित जागा असो की नसो, दिल्लीहून मंजुरी आल्याशिवाय कुदळ लावता येत नाही. कोण करणार, किती अनुभव, रिपोर्ट कधी देणार, सगळं विचारलं जातं, आणि ते बरोबरच आहे कारण एकदा खोदलेलं परत भरता येत नाही. पण ज्या जागेवर उद्या बुलडोझर फिरणार आहे त्या जागेबद्दल ‘इथे काहीच नाही’ असं लिहायला मात्र काहीही लागत नाही, ना डिग्री, ना परवाना, ना सही. ब्रशने माती झाडायला लायसन्स हवं, आणि जेसीबी घालायच्या आधीचं सर्टिफिकेट कोणीही टाइप करू शकतो. ह्या पत्रात दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

तुमच्याकडून उत्तर येईल की यादी बघून लिहिलंय, संरक्षित स्मारक जवळपास नाही. तिथेच तर गोची आहे. स्मारक संरक्षित असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढे २०० मीटर नियंत्रित, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण, एनओसी, सगळी यंत्रणा उभी राहते. आणि संरक्षित नसेल तर काहीच नाही. प्रकल्पवाल्याने मंजुरीसाठी भरायच्या फॉर्म एकमध्येसुद्धा विचारलंय ते कायद्याने किंवा आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित असलेल्या जागांबद्दल. गंमत म्हणजे त्याच नोटिफिकेशनमधल्या बांधकाम प्रकल्पांच्या फॉर्म एक-ए मध्ये जवळ पुरातत्त्वीय स्थळ किंवा वस्तू आहेत का असा सरळ प्रश्न आहे. म्हणजे टॉवर बांधणाऱ्याला विचारायचं आणि अख्खा डोंगर कापणाऱ्याला नाही, हे कुठलं लॉजिक ते मला कोणीतरी समजावून सांगा.

कातळशिल्पं यादीत का नाहीत हेही सांगते. कारण ती सापडलीच उशिरा, आणि अजून सापडतायत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ह्यांच्यासारखी माणसं स्वतःची कामं सांभाळून वर्षानुवर्षं सडे तुडवत फिरली, गुराख्यांना विचारत फिरली, तेव्हा हजाराच्या वर चित्रं उजेडात आली. २०२२ मध्ये त्यातल्या निवडक जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, आपल्याकडच्या आठ, म्हणजे कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी, आणि गोव्यातली कुशावतीच्या काठची पणसायमळ. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आत आणखी प्राणी कोरलेत, समोर उभं राहिलं तर आधी कळतच नाही, चारही बाजूंनी फिरावं लागतं तेव्हा सोंड कुठे आणि पाय कुठे ते लागतं. हे ऑफिसात बसून सॅटेलाइट फोटोवर कोणाला दिसणारे? रेघ बोटभर खोल, वर माती, गवत. बारसूला तर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. रिफायनरी हवी की नको ह्यात मी आज जात नाही, पण युनेस्कोच्या यादीला गेलेलं नाव आणि ड्रिलिंग मशीन एकाच सड्यावर पोचेपर्यंत कुणाच्याच टेबलावर हे दोन कागद शेजारी शेजारी आले नाहीत का?

आता माझ्या विषयाकडे येते, कारण तिथे तज्ज्ञाची ओळ आहे, सही आहे, आणि तरीही ‘वनस्पती विरळ’ लिहिलं जातं.

खाणींचा स्टँडर्ड टीओआर (अभ्यासात काय काय हवं ते सांगणारा कागद) काढून बघा, बेसलाइन डेटा एका सीझनचा, पावसाळा सोडून. मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवेच्या मोजणीसाठी हे ठीक आहे, पावसात धूळ बसलेली असते मग मोजणार काय. पण त्याच वाक्यात फ्लोरा-फॉना, म्हणजे वनस्पती-प्राणीही घातलेत आणि तिथे आमचा सडा मेला. कारण सडा जिवंत असतो तो जून ते सप्टेंबर. पहिला पाऊस झाला की दीपकाडी फुलते, पांढरी, कांद्यासारखा कंद असलेली, कोकण-गोव्याच्या कातळांशिवाय जगात कुठे नाही, आणि तिचा बहार थोडक्या दिवसांचा. मग डबक्यांमधून गेंद, सीतेची आसवं, कीटक खाणारा दवबिंदू, पाण्यातल्या वनस्पती, बेडूक. एप्रिलमध्ये ह्यातलं काय दिसणार? दीपकाडीचा कंद भेगेत मातीखाली झोपलेला असतो. मी स्वतः मे महिन्यात असे क्वाड्रॅट टाकलेत जिथे शीटवर वाळलेल्या गवताशिवाय लिहायला काही नव्हतं, आणि जुलैत त्याच जागी पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो. शेऱ्यात तसं लिहून पाठवलं, पावसात पुन्हा यायला हवं म्हणून, तर फायनल रिपोर्टात तो शेरा नव्हता.

आणि ह्यातला विनोद असा, की उन्हाळा कातळशिल्पं बघायला एक नंबर! गवत कापलेलं किंवा जळलेलं, कातळ उघडा, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. म्हणजे ज्या सीझनला पुरातत्त्ववाला पाठवायला हवा त्या सीझनला बॉटनीवाली पाठवतात, आणि बॉटनीवालीच्या सीझनला कोणीच येत नाही.

सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. रिपोर्ट लिहिणारा सातबारा बघतो, पोटखराबा वाचतो आणि ‘वेस्टलँड’ लिहितो. सड्यात मुरलेलं पाणी खाली वाडीतल्या विहिरींना आणि झऱ्यांना लागतं, पावसाळ्यात गुरं तिथे चरतात, गवत पेंढ्या बांधून घरी येतं, हे महसूल खात्याच्या त्या एका शब्दात बसत नाही, आणि हायड्रोलॉजीच्या तज्ज्ञाने ते बघायला हवं होतं, त्याची सहीपण आहे टेबलात.

सह्यांबद्दल जरा बोलायलाच हवं. फिल्डवर जातो आम्ही. माझ्यासारख्या एमएस्सी झालेल्या पोरी, वाटाड्या म्हणून घेतलेला गावातला एखादा दादा, सॅम्पल उचलणारी मुलं. सही ज्याची असते तो एक्स्पर्ट कधी एक दिवस येतो, कधी येतच नाही, आणि ‘सहभागाचा काळ’ ह्या रकान्यात तीन महिने लिहिलेले असतात. सगळेच असे नाहीत, एक सर मला असे भेटलेत की चिखलात गुडघ्यावर बसून गेंदाच्या जाती सांगायचे, त्यांच्याकडून मी कॉलेजपेक्षा जास्त शिकले. पण स्कीम अशी आहे की त्या सरांची सही आणि न आलेल्या माणसाची सही कागदावर सारखीच दिसते. आमची नावं तर कुठेच नाहीत, ती असावीत हा मानाचा प्रश्न नाहीये (थोडा आहे), चूक निघाली तर विचारणार कोणाला हा आहे.

पैशाचं तर उघड गुपित आहे. सल्लागाराला पैसे देतो प्रकल्पवाला. हे मी सांगायला नको, जयराम रमेश पर्यावरणमंत्री होते तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीर बोलून दाखवलं होतं की प्रकल्पवालाच आपला रिपोर्ट तयार करून घेतो. त्यालाही आता पंधरा वर्षं होत आली. सोयऱ्यानेच पंच व्हायचं आणि सोयऱ्यानेच न्याय करायचा!

आणि रिपोर्ट चुकला तर काय होतं? गोव्यातल्या मोपा विमानतळाचं घ्या, तोही सडाच. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, माहिती दडवली, अभ्यास नीट झाला नाही म्हणून, आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, आज तिथून विमानं उडतायत. निकालावर मला बोलायचं नाही. पण दिल्लीपर्यंत जायची ताकद किती गावांत आहे? आमच्याकडे एसटीचा पास काढताना लोक विचार करतात.

मला माहितीये की लगेच दोन हरकती येतील. एक, उशीर होईल. अहो, टीम उन्हाळ्यात येतेच आहे, तिच्याबरोबर एक पुरातत्त्ववाला आठवडाभर सडा चालून गेला तर कुठला प्रकल्प बुडतो? उलट काम सुरू झाल्यावर मध्येच काही निघालं की आंदोलन, स्टे, पोलीस बंदोबस्त, त्यात किती वर्षं जातात ते मोजा. दुसरी हरकत, एवढे पात्र लोक आहेत कुठे? डेक्कन कॉलेजातून, विद्यापीठांमधून दरवर्षी पुरातत्त्वात एमए होऊन पोरं बाहेर पडतात आणि त्यातली बरीच शेवटी काय करतात, कॉल सेंटर, यूपीएससीचे क्लास, नाहीतर हेरिटेज वॉक. त्यांना काम नाही कारण हा पेशा म्हणून तुम्ही मानतच नाही. अमेरिकेत सरकारी निकषांप्रमाणे पुरातत्त्वज्ञाला पदव्युत्तर डिग्री आणि किमान वर्षभराचा पूर्णवेळ अनुभव लागतो, काही रॉकेट सायन्स नाही, आपल्याकडे ह्याहून जास्त अनुभववाले रिकामे बसलेत.

फक्त एक काळजी आहे, आणि ती मी माझ्याच मागणीच्या विरोधात मांडतेय. पात्रता म्हणजे नुसती डिग्री केलीत तर ज्यांनी ही कातळशिल्पं शोधली तेच बाहेर राहतील, आणि शहरातून आलेला एमएवाला त्यांच्याच मागे चालत जाऊन सही करेल. तसं होऊ देऊ नका.

तर मागण्या.

१. नॅबेटच्या स्कीममध्ये तेरावा फंक्शनल एरिया घाला, पुरातत्त्व आणि सांस्कृतिक वारसा. पात्रतेचे निकष पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संचालनालय आणि शिकवणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवावेत. डिग्री नसलेल्या पण वर्षानुवर्षं फिल्डवर काम केलेल्या स्थानिक अभ्यासकांसाठी अनुभवावर वेगळी नोंदणी असावी.

२. ‘पुरातत्त्वीय स्थळ नाही’ हे वाक्य नोंदणी असलेल्या माणसाच्या सहीशिवाय कुठल्याही रिपोर्टात चालणार नाही असा आदेश काढा. संरक्षित यादी बघितली एवढं पुरणार नाही, प्रत्यक्ष चालून केलेला सर्व्हे हवा आणि त्याचा जीपीएस ट्रॅक तारखेसकट रिपोर्टाला जोडलेला हवा. खोटं निघालं तर नोंदणी रद्द, आणि रद्द झालेल्यांची यादी सगळ्यांना बघता येईल अशी.

३. सड्यांवरच्या प्रकल्पांना वनस्पती आणि प्राण्यांचा पावसाळ्यातला अभ्यास सक्तीचा करा. हवेचा डेटा खुशाल उन्हाळ्यात घ्या.

४. डिक्लेरेशनच्या टेबलात प्रत्येक तज्ज्ञ कुठल्या तारखांना जागेवर होता ते लिहायला लावा, आणि फिल्डवर प्रत्यक्ष काम केलेल्या सगळ्यांची नावं घ्या, वाटाड्यासकट.

५. काम चालू असताना काही सापडलं तर काम थांबवून कोणाला कळवायचं ह्याची पद्धत मंजुरीच्या अटींमध्येच घाला. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या प्रकल्पांना ही ‘चान्स फाइंड’ची अट असते, ती आपल्याकडेही पाळली जाते. कर्ज असेल तरच वारसा सांभाळायचा असं काही आहे का?

६. सल्लागाराची फी प्रकल्पवाल्याने सरकारी खात्यात भरावी आणि सल्लागार तिथून नेमावा. हे सगळ्यात अवघड आहे हे कळतंय, पण निदान एका जिल्ह्यात करून बघा, रत्नागिरीत करा.

७. जनसुनावणीआधी सारांश नको, पूर्ण रिपोर्ट मराठीत द्या.

पुरातत्त्व संचालनालयाला आणखी एक विनंती, जेवढी कातळशिल्पं आजवर नोंदली गेलीत त्यांचे गट नंबर तलाठ्याकडे पोचवा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद घालायला सांगा. चिरेखाणीचा परवाना काढायला आलेल्या माणसासमोर तलाठी जे उघडतो ते तुमचं गॅझेट नसतं, सातबारा असतो.

उत्तर दिलंत तर मराठीत द्या आणि एका पानात बसेल असं द्या, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायचं आहे.

कळावे,
राजापूर तालुक्यातली एक फिल्डवाली